पडवीतली बंद पेटी

(आंदर मावळ, १९४० साल, भातं काढून झाल्यानंतरचे दिवस. दुपार कलली आहे. कामशेत स्टेशनवरून निघालेला टांगा टाकवे ओलांडून पुढं चालला आहे. टांगा हाकतोय अल्लाबक्ष, मागं बसलाय मुंबईच्या रेडिओवरचा दिगंबर.)

अल्लाबक्ष : म्हणजे एक रेडिओची पेटी उचलून न्यायला मुंबईहून माणूस! तोही बूट घालून. अहो साहेब, मला निरोप धाडला असता तर मीच आणून दिली असती स्टेशनवर.

दिगंबर : न्यायचीच असं नाही. आधी बघायची. गावात ऐकत असतील तर राहू द्यायची.

अल्लाबक्ष : ऐकतात कुठले! त्या पेटीची बॅटरी माझ्याच टांग्यातनं कामशेतला यायची, तिथनं गाडीनं लोणावळ्याला, चार्जिंगला. दोन पावसाळे काढले मी, पण फेरा चुकला नाही. आता दसऱ्यापासून बोलावणंच नाही. पेटी बोललीच नाही, तर तिला भूक लागेल कशी?

दिगंबर : आमच्या हापिसातही हेच म्हणतात. बॅटरी येत नाही, म्हणजे पेटी कोणी लावत नाही. मग ती ज्या गावाला हवी आहे तिथं द्या. चुकीचं नाही म्हणा त्यांचं... अल्लाबक्ष, तुम्ही ऐकता का हो, संध्याकाळचा गावकऱ्यांचा कार्यक्रम?

अल्लाबक्ष : येसूकाकाचा ना? ऐकतो की. कामशेतला एका दुकानात पेटी आहे. घोडा सोडला की तिथं जाऊन उभा राहतो. म्हातारा मोठा गमतीचा आहे हं.

दिगंबर : म्हातारा?

अल्लाबक्ष : साठी उलटलेली. पांढऱ्या मिशा. खांद्यावर घोंगडी.

दिगंबर : तुम्ही पाहिलंय त्याला?

अल्लाबक्ष : पाहायला कशाला पाहिजे? आवाजात दिसतात की मिशा.

दिगंबर : अल्लाबक्ष, तो येसूकाका मी आहे.

अल्लाबक्ष : अच्छा. आणि हा माझा घोडा म्हणजे लाटसाहेब.

दिगंबर : "राम राम मंडळी! काय, गुरं बांधली का?"

अल्लाबक्ष : या खुदा! थांब रे, थांब... घोड्यानं सुद्धा कान टवकारले, बघा! अहो, तुम्ही तर माझ्यापेक्षा लहान दिसता!

दिगंबर : आहेच. लहानपणी आजोळी ऐकलेली बोली. माझे मामा असे बोलायचे. तेच उसनं घेतलंय. पण हे बघा, गावात सांगू नका मी कोण ते.

अल्लाबक्ष : का? हार घालतील लोक.

दिगंबर : म्हणूनच. समोर माणूस आला की कोणी वाईट बोलत नाही, भिडेखातर गोड बोलतात. मला खरं ऐकायचंय. असं बघा, मी एका खोलीत बसतो. खिडकी नाही. भिंतींना जाड पडदे. तोंडासमोर एक लोखंडी डबा. त्याला विचारायचं, गुरं बांधली का, आणि थांबायचं.

अल्लाबक्ष : थांबायचं कशाला?

दिगंबर : कोणी उत्तर देत असेल म्हणून. विचारलं आणि थांबलो नाही, तर ते विचारणं कसलं? मोठे साहेब रागावतात. म्हणतात, सरकार तुम्हाला बोलण्याचे पैसे देतं, गप्प बसण्याचे नाही. मी आपला हट्टानं थांबतो. पण खरं सांगू का, हल्ली मलाच वाटायला लागलंय की पलीकडं कोणी नाही. दोन वर्षं मी भिंतीला राम राम करतोय. त्यात हा घसा... थांबा हं... जरा...

अल्लाबक्ष : पाणी घ्या साहेब. ती सुरई तिथंच आहे, पायाशी.

दिगंबर : ...हां. तर, मी ठरवलंय. या पेटीचं प्रकरण निघालं तेव्हा मेकॅनिक येणार होता. मी म्हटलं, मीच जातो. पेटी नुसती बिघडलेली निघाली, तर देवच पावला. पण चांगली असून लोक लावत नसतील, तर पेटी उचलायची आणि पेटीबरोबर मीही उठायचं. माझ्या जागेवर बसायला दुसरा माणूस तयार आहे.

अल्लाबक्ष : एवढ्याशा गावावरून एवढं?

दिगंबर : मला एकच गाव बघायला मिळतंय ना.

अल्लाबक्ष : मग धरून बसा, ओढा आला. वर चढलो की गाव. ती शेणानं सारवलेली पडवी दिसते ना? झुंबरबाईची. चावडीचं छप्पर वाऱ्यानं उडालं तेव्हापासून पेटी तिच्याकडं. किल्ली तिच्या कनवटीला. म्हातारी तिखट आहे, आधीच सांगतो... ओ मावशी! पाव्हणे आणलेत! मुंबईचे साहेब, पेटी बघायला!

झुंबरबाई : या. घोंगडीवर बसा. उन्हाचं आलात, पानी घ्या.

दिगंबर : नमस्कार मावशी. पेटी कशी आहे?

झुंबरबाई : बिघाडली हाय.

दिगंबर : असं? बघू तर. किल्ली देता?

झुंबरबाई : हारपली.

अल्लाबक्ष : मग कनवटीला काय लोंबतंय, मावशी?

झुंबरबाई : ती पेटाऱ्याची हाय.

अल्लाबक्ष : पितळी? सरकारी शिक्का मारलेली?

झुंबरबाई : अल्लाबक्षा, तुजा घोडा माजा पावटा खातूय. बग जा.

अल्लाबक्ष : घोडा बांधलाय, मावशी. द्या आता किल्ली. सरकारी माणसाशी कशाला पंगा?

झुंबरबाई : घ्या. बगा. काय बगायचं त्ये बगा.

दिगंबर : कुलूप निघालं... दिवा लागला. खरखर येतेय. बॅटरीत पण जीव आहे अजून. मावशी, पेटी धडधाकट आहे!

झुंबरबाई : बंद करा ती. आदी बंद करा.

दिगंबर : अहो, आत्ता काही लागणार नाही. संध्याकाळी—

झुंबरबाई : तरीबी बंद करा. कान पिळू नगा तिचा.

दिगंबर : केली. म्हणजे बिघडलेली नाही. तुम्हीच लावत नाही.

झुंबरबाई : न्हाई लावत.

दिगंबर : कार्यक्रम आवडत नाही का?

झुंबरबाई : तसं म्हना.

दिगंबर : तो येसूकाका... त्याचं बोलणं...

झुंबरबाई : त्येचं नाव घिऊ नगा. त्येच्यात काय खोट न्हाई. म्हातारीला येळ न्हाई म्हनून सांगा. नायतर म्हातारी खुळी हाय म्हना, मला चालंल.

दिगंबर : आणि बाकीचा गाव? त्यांनाही वेळ नाही?

झुंबरबाई : कोन येतच न्हाई हिकडं.

अल्लाबक्ष : मावशी! आता मात्र हद्द झाली. साहेब, मागल्या आठवड्यात मी सोपानच्या घरी पेंडीची पोती टाकायला आलो होतो. दिवेलागण झाली होती. ही पडवी माणसांनी भरलेली! कोंडाजी होता, सोपान होता, विठाबाई लेकरू मांडीवर घेऊन. पेटी बंद, आणि सगळे तिच्याकडं तोंड करून बसलेले. कोणी चकार शब्द बोलत नाही. मला वाटलं, गावात मयत झाली की काय. जरा वेळ बसले, तंबाखू मळली, उठले आणि गेले आपापल्या घरी.

दिगंबर : बंद पेटीपुढं?

अल्लाबक्ष : माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सोपानला विचारलं, तर म्हणाला, मावशीला विचार. मावशीला विचारलं, तर तिनं घोड्याची चौकशी केली.

दिगंबर : मावशी, हे खरं का?

झुंबरबाई : पडवी माजी, मानसं गावची. बसत्यात. बसायला बी सरकारचा हुकूम लागतूय व्हय?

दिगंबर : तसं नाही हो. पण मला परत जाऊन काहीतरी सांगावं लागेल. पेटी चांगली, माणसं येऊन बसतात, आणि पेटी लावायची नाही. कारण सांगा, म्हणजे मी काहीतरी करीन. कारण नसेल तर... तर मला पेटी न्यावी लागेल.

झुंबरबाई : न्या.

अल्लाबक्ष : काय बोलता! ह्या पेटीसाठी चावडीवर पंचांशी भांडला होतात तुम्ही! छप्पर उडालं तेव्हा भर वाऱ्यात पोत्यात गुंडाळून आणलीत ना?

झुंबरबाई : आनली. आता न्या म्हनत्ये. पेटीपायी मी एका गरीबाच्या पोटावर पाय देनार न्हाई. पेटीपरीस मानूस मोटा.

दिगंबर : कोणाच्या पोटावर? मला कळत नाही.

झुंबरबाई : तुमी सरकारी. तुमच्या म्होरं न्हाई बोलायची मी. बांदा ती पेटी आन् न्या टांग्यात घालून. दोरी देऊ का?

दिगंबर : मावशी, मी कोणाचं वाईट करायला नाही आलो. मी फक्त... अं... थांबा... जरा पाणी... हां. तर, मावशी—

झुंबरबाई : काय म्हनला?

दिगंबर : म्हटलं, मी कोणाचं वाईट—

झुंबरबाई : त्ये न्हाई. खोकला तुमी. आन् मंग काय म्हनला?

दिगंबर : काय म्हटलं? "हां, तर" म्हटलं असेल.

अल्लाबक्ष : साहेब, मी एक शब्द बोललो नाही हं! खुदाशप्पथ!

झुंबरबाई : अगं बया! त्योच खोकला! आदी दोन बारीक, मंग येक लांब, आन् सरतेशेवटी "हां, तर". दसऱ्यापातूर रोज ऐकला की मी. तू... येसूकाका?

दिगंबर : हो, मावशी. मीच.

झुंबरबाई : मिशी कुटं हाय?

दिगंबर : नाही मला मिशी.

झुंबरबाई : कदीच नव्हती?

दिगंबर : एकदा ठेवली होती. शोभली नाही.

झुंबरबाई : आन् मी मेली पेटीम्होरं पदर वढून बसायची! म्हनायची, थोरलं भाऊजी बोलत्यात जनू. ह्यो तर माज्या लेकाच्या, बजरंगाच्या जोडीचा! अल्लाबक्षा, हसू नगंस. तुला ठावं हुतं व्हय?

अल्लाबक्ष : मला पण आत्ताच कळलं, मावशी. ओढ्याच्या पलीकडं.

दिगंबर : रागावू नका. मला खरं ऐकायचं होतं, म्हणून नाव लपवलं. आता सांगा ना, पेटी का बंद केलीत?

झुंबरबाई : का म्हनून काय इचारतोस? तू खोकतोस म्हनून!

दिगंबर : मी खोकतो म्हणून?

झुंबरबाई : मंग? आखाजीच्या येळंला येक-येक ठसका लागायचा. पावसाळ्यात वाडला. दसऱ्याला तर आयकवंना. विठाबाई म्हनली, मावशे, ह्येला कुनी काडा देत न्हाई का गं? कोंडाजी म्हनला, सरकारची चाकरी, आजारी पडला तरी बोलावंच लागत आसंल. मंग मी उठली आन् पेटीचा कान उलटा पिळला. म्हन्लं, पड बाबा गप.

दिगंबर : पण मावशी, इथं पेटी बंद केली म्हणून तिकडं माझं बोलणं थांबत नाही...

झुंबरबाई : येवढी खुळी न्हाई मी. लोनावळ्याला, तळेगावाला, समद्या मुलकात तू बोलतच आसनार. त्यांच्या पडवीत त्यांनी काय करायचं त्ये त्यांचं त्यांनी बगावं. पर माज्या पडवीत आजारी मानसाला मी बोलाया लावनार न्हाई. आमच्याकडं न्हाई ही रीत. मानूस दुकन्याला पडलं की समाचाराला जायचं, जवळ बसायचं, आन् उठून यायचं. त्यो बोलाया लागला तरी "गप पड" म्हनायचं.

दिगंबर : म्हणजे ती सगळी माणसं रोज...

झुंबरबाई : समाचाराला येत्यात. तुज्या.

अल्लाबक्ष : या खुदा. आणि मला वाटलं मयत.

झुंबरबाई : तुजं त्वांड शिवलं पायजेल, अल्लाबक्षा.

दिगंबर : मावशी, मला... मला त्या सगळ्यांना काहीतरी सांगायचंय—

झुंबरबाई : आता नगं बोलूस. आल्यापासनं मी तुला नुसतं बोलाया लावत्येच हाय. थांब, चुलीवर आधन ठिवत्ये. दाराम्होरं अडुळसा हाय. अल्लाबक्षा, चार पानं तोड. कवळी नगं, जून बग.

अल्लाबक्ष : तोडतो. पण मावशी, मघाशी कोणाच्या पोटावर पाय येणार होता?

झुंबरबाई : ह्येच्याच की! सरकारी मानसाला कसं सांगू, की तुमचा येसूकाका खोकतूय? उद्याच्याला काडून टाकला म्हंजी? दुसरा आनला म्हंजी?

दिगंबर : म्हणून पेटी न्या म्हणालात.

झुंबरबाई : पेटी दुसरी यील. हितं नव्हती तवा बी दिस उगवतच हुता. तुजी चाकरी गेली तर तुला कोन दील?

दिगंबर : मावशी, मी आज ती सोडायच्या बेतानंच आलो होतो.

झुंबरबाई : सोडायच्या? का रं?

दिगंबर : मला वाटलं, कोणी ऐकत नाही. मी विचारतो, गुरं बांधली का, आणि थांबतो. त्या थांबण्यात काही ऐकू येत नाही हो. नुसती शांतता. वाटायचं, आपण भिंतीशी बोलतोय. रात्री खोलीवर गेलो की स्वतःचीच लाज वाटायची.

झुंबरबाई : भिंत म्हनं! आरं, तू थांबतोस म्हनून तर तू मानूस. बाकीचं त्या पेटीत बोलत सुटत्यात, नळ सोडून गेल्यावानी. तू इचारलंस की हितं समदी पडवी म्हनती, "बांदली, बांदली!" येकदा कोंडाजीची गाय सुटल्याली. तू इचारलंस, तसा त्यो तडक उठला. म्हन्लं, कुटं निगाला? तर म्हनतो, काकानं इचारलंय, खोटं कसं बोलू? गाय बांदून आला, आन् मंग पेटीम्होरं हुबा ऱ्हाऊन म्हनला, "बांदली, काका." तवर तू भाताच्या भावावर गेला हुतास.

दिगंबर : मला ऐकू नाही आलं.

झुंबरबाई : आता आलं न्हवं?

दिगंबर : आलं.

झुंबरबाई : आन् दसऱ्याला काय झालं म्हाईत हाय? तू इचारलंस, गुरं बांदली का, आन् थांबलास. आमी त्वांड उगाडतूय न्हाई तवर त्या थांबन्यातच तुजा खोकला आला. दाबून खोकत हुतास, आमाला कळू ने म्हनून. मंग "बांदली" कुनाला म्हनायचं आन् कवा म्हनायचं? विठाबाईच्या डोळ्याला पानी आलं, माज्या बी आलं. त्या दिवशी पेटी बंद केली.

अल्लाबक्ष : घ्या मावशी, पानं. जून आहेत.

झुंबरबाई : आन हिकडं. घरी कोन हाय रं तुज्या?

दिगंबर : कोणी नाही. मुंबईत खोली आहे. जेवण खानावळीत.

झुंबरबाई : वैदाला दावलास खोकला?

दिगंबर : डॉक्टरांना दाखवला. छाती साफ आहे म्हणाले. घसा दमलाय, कमी बोला म्हणाले.

झुंबरबाई : मंग बोल की कमी! लय बोल म्हनून कोन म्हनलं? भाव सांग, भाताला कीड पडली तर काय करायचं त्ये सांग, आन् गुरं बांदली का तेवडं इचार. बाकी नसलं तरी आमचं काय आडत न्हाई. हां, घे. गरम हाय, फुकून पी. गूळ घातलाय.

दिगंबर : कडू आहे हो!

झुंबरबाई : गोड आसता तर वैद उपाशी मेला आसता. सगळा पी.

अल्लाबक्ष : साहेब, संध्याकाळची गाडी गाठायची असेल तर निघायला पाहिजे. आणि या पेटीचं काय? बांधू का?

दिगंबर : नका बांधू. पेटी इथंच राहील. बॅटरी तेवढी उद्या रात्री कार्यक्रम झाल्यावर काढून ठेवायला सांगा, परवा तुम्ही लोणावळ्याला धाडा. हापिसात मी सांगीन, पेटी रोज ऐकली जाते.

अल्लाबक्ष : पण दसऱ्यापासून तर बंद होती.

दिगंबर : अल्लाबक्ष, बंद असताना जेवढी ऐकली तेवढी चालू असताना कुठं कोणी ऐकत असेल असं मला नाही वाटत.

झुंबरबाई : बग, लागला पुन्यांदा बोलाया. ही पुरचुंडी घे. अडुळसा हाय, सुंठ हाय. खानावळीतल्या बाईला म्हनावं, रोज सांच्याला उकळून दे. न्हाई दिला तर मला कळंल.

दिगंबर : कसं कळेल?

झुंबरबाई : पेटी हाय की.

दिगंबर : मावशी, पाया पडतो. आज माझ्या जागी दुसरा बसलाय. तुम्ही उद्यापासून लावा.

झुंबरबाई : आज येनारी मानसं समाचाराला बसतील, तवा सांगत्ये त्येंना. येऊन गेला म्हनत्ये. मिशी न्हाई, त्ये मात्र सांगनार न्हाई. कोंडाजीला लय वाईट वाटंल.

दिगंबर : आणि तो थांबा मी काढणार नाही. मोठे साहेब काही म्हणोत. उद्या विचारीन, गुरं बांधली का, आणि थांबेन.

झुंबरबाई : इचार. आन् खोकला आला तर दाबू नगंस, लेका. निवांत खोक. आमी थांबू.